दुसरा रकाना

माळ्यावरची ट्रंक आवरताना १९८४ सालची वही हाती लागली. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी मांडायला वापरतात तशी. आत पेन्सिलने ओढलेले रकाने: वेळ, काम, मिनिटं. पहिल्या पानावर नाव नाही, नुसतं ‘घर क्रमांक १’. पहाटे ४.५० : चूल पेटवणे, ६. पहाटे ४.५६ : विहिरीवर जाणे, दोन खेपा, २३. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला कागदाची एक बारीक पट्टी डकवलेली आहे. तिचा डिंक आता सुटलाय, काही पट्ट्या उचकटून हातातच आल्या. त्या पट्ट्यांसाठीच हे लिहायला बसले आहे.

मी तेव्हा एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात गृहविज्ञान शिकून संशोधनाला लागले होते. विषय साधा होता: खेड्यातल्या बाईचा दिवस कशाकशात जातो, ते घड्याळ लावून मोजायचं. वसई तालुक्यातलं एक गाव निवडलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा व्हायला अजून तीस वर्षं होती. आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं, पहाटे बाई उठायच्या आधी उठायचं, आणि तिच्या उंबऱ्याशी स्टॉपवॉच घेऊन बसायचं.

पहिल्याच घरी प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही काय काम करता?”

“काम कुठलं बाई, घरीच असते मी.”

हे म्हणताना तिच्या मांडीवर बाळ पीत होतं. समोर सुपात तांदूळ होते, एका हाताने ती खडे वेचत होती. आणि डोळे चुलीकडे, कारण भाताला कढ आला होता. माझं घड्याळ टिकटिकत होतं आणि माझ्या वहीत कामाचा रकाना एकच होता. मी लिहिलं, ‘तांदूळ निवडणे, १४’.

जुहूच्या आवारात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र होतं. १९७४ साली नीरा देसाईंच्या पुढाकाराने सुरू झालेलं, देशातलं असं पहिलंच केंद्र. त्याच साली स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला होता, आणि बायकांचं आयुष्य हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे ही गोष्ट हळूहळू मान्य होऊ लागली होती. १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठाने भरवली. आम्ही आलो तेव्हा नीराबेन आणि मैत्रेयी कृष्णराज ही नावं आवारात आदराने घेतली जात. केंद्रात वर्तमानपत्रांची कात्रणं लावलेल्या फायली होत्या. एका लांब टेबलावर कात्री, डिंकाची बाटली आणि गठ्ठे पडलेले असत. त्या टेबलाशी कोण कुठल्या विभागाची हे कुणी विचारत नसे. मी गृहविज्ञानाची, शेजारी समाजशास्त्राची एक, समोर मराठी साहित्याची एक. आहारशास्त्राची एक मैत्रीण यायची, ती दोन खुर्च्या जोडून त्यांवर आपल्या सात महिन्यांच्या मुलीला निजवायची आणि एक पाय खुर्चीला लावून लिहीत बसायची. संशोधन करणाऱ्या मुलीला बाळंतपणाची रजा मिळते, असं आम्ही तेव्हा ऐकलंही नव्हतं.

वही मी याच टेबलावर उघडली. समाजशास्त्रवालीने पान बघितलं आणि विचारलं, “मग या चौदा मिनिटांत बाळाला पाजलं कुणी?”

मी गप्प. गृहव्यवस्थापन शिकताना काम कमी श्रमात कसं उरकावं, ओटा किती उंच असावा, पावलं कशी वाचवावीत हे आम्ही नीट शिकलो होतो. ते ज्ञान खरं होतं, आजही कामाचं आहे. पण एका वेळी एकच काम होतं असं माझ्या रकान्यानेच ठरवून टाकलं होतं, हे माझ्या विषयात राहून मला कधी दिसलं नसतं. तिला दिसलं, कारण कुणाच्या कामाला काम म्हणायचं हाच तिच्या विषयातला प्रश्न होता. त्या दुपारी आम्ही चौघींनी मिळून कात्रणांच्या कोऱ्या कडा कापल्या आणि वहीच्या प्रत्येक पानाला एकेक पट्टी डकवली. दुसरा रकाना: ‘त्याच वेळी’.

पुढच्या खेपेला त्या बाईचा दिवस मोजला तर तिच्या चोवीस तासांत सत्तावीस-अठ्ठावीस तासांचं काम भरलं. आकडेमोड चुकली म्हणून मी ती तीनदा केली. चुकली नव्हती.

साहित्यवालीचा प्रश्न वेगळाच. जात्यावर डाळ भरडताना बाई ओव्या म्हणायची, त्यापुढे मी ‘गाणे’ एवढंच लिहिलं होतं. “ओवी ही कामात धरायची की विसाव्यात?” तिने विचारलं. कितीतरी दिवस आम्ही त्यावर बोललो. उत्तर निघालं नाही, म्हणून मी प्रबंधात त्याचा उल्लेखच केला नाही. आज त्याची हळहळ वाटते. ओवीचे शब्द मी लिहून घेतले नाहीत, आणि ते कुणाला विचारावेत असं आता माझ्या ओळखीचं त्या गावात कुणी नाही.

प्रबंध लिहिणं म्हणजे तेव्हा अंगमेहनतच. कोष्टकं फूटपट्टीने आखायची, काय-वर्ग चाचणी कॅल्क्युलेटरवर, टंकलेखकाकडे हेलपाटे. कार्बन घालून पाच प्रती निघत, पाचवी इतकी पुसट की तीच आपल्या वाट्याला येई. एक आकडा चुकला की अख्खं पान नव्याने. मग लाल कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि ग्रंथालयाच्या फडताळात तो कायमचा जाऊन बसे. आता प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतो आणि लातूरची मुलगी रात्री अकराला स्वयंपाकघर आवरून तो मोबाइलवर वाचू शकते. ही फार मोठी गोष्ट आहे. फडताळात बसलेल्या आमच्या कितीतरी जणींच्या कष्टांचं यामुळे चीज झालं असतं.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हे विद्यापीठ काढलं तेव्हा पाच मुली होत्या. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि अण्णांनी ध्यास घेतला. शिकवायचं मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. पदवीला नाव होतं गृहीतागमा, म्हणजे जिने ज्ञान ग्रहण केलं ती, आणि त्यापुढची प्रदेयागमा, जिच्याकडे आता देण्याजोगं ज्ञान आहे ती. मला हे दुसरं नाव फार आवडतं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. अण्णांच्या सूनबाई इरावतीबाई १९३१ पासून काही वर्षं या विद्यापीठाच्या कारभारात होत्या. बर्लिनहून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेली ही बाई पुढे हाडांची मापं, नातेसंबंध, महाभारत आणि पंढरीची वारी या सगळ्यांवर सारख्याच अधिकाराने लिहिती झाली. विषयांची कुंपणं ओलांडायची म्हणजे काय, हे मला त्यांच्या लेखनाइतकं कुठेच उमगलेलं नाही.

आता ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द प्रत्येक अर्जात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने त्याला मानाचं पान दिलंय. गेल्या महिन्यात जुहूला एका मुलीच्या व्हायव्हाला गेले होते. मूळची संगणकाची मुलगी, प्रबंध बायकांच्या वेळेवर. बहिःस्थ परीक्षक दिल्लीहून पडद्यावर आले. तिने एक अॅप तयार केलंय, त्यात बायका स्वतःच्याच आवाजात आपला दिवस सांगतात. एका वेळी तीन कामं नोंदवायची सोय आहे. माझ्या डिंकाच्या पट्टीचं हे रूप बघून मला भरून आलं. मधे तिला मूल झालं, तेव्हा नियमाने २४० दिवसांची रजा मिळाली, मुदतही वाढली. खुर्च्या जोडाव्या लागल्या नाहीत. हे आमच्या वेळेपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे.

पण चहाच्या वेळी मी तिला विचारलं, की साहित्यवाल्या मुली तुझं काम बघतात का, आहारशास्त्रवाल्या काय म्हणतात? ती म्हणाली, “मॅडम, त्यांचा ग्रुप वेगळा आहे.” एकमेकींचे लेख त्या वाचतात, छापून आल्यावर. अर्धवट वही उघडी टाकून बसायला मात्र जागा उरलेली नाही, वेळही नाही. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, ठरावीक संख्येने शोधनिबंध, साहित्यचौर्याची टक्केवारी. चुकीचा रकाना वेळेत दाखवून देणारी मैत्रीण अर्जात मागता येत नाही. माझं हेच दुखणं आहे आणि ते मी तिच्या मार्गदर्शकांजवळही बोलले.

आकड्यांचं मात्र मनापासून समाधान वाटतं. १९९१ च्या जनगणनेत पहिल्यांदा कामाच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा, असं स्पष्ट छापलं गेलं. घरकाम त्यातही नव्हतं. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळ-वापराची पाहणी झाली आणि २०१९ साली अख्ख्या देशाची. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि एकाच वेळी केलेली कामंही नोंदवलेली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या सहा वर्षांवरच्या बायकांची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली. दहा मिनिटं सुटली म्हणून मी हरखले, तर शेजारच्या रकान्यात पुरुषांचीही ८८ वर आलेली. म्हणजे तिच्या हातातलं काम त्याने उचललं, असं काही यातून दिसत नाही.

त्या दिवशी जुहूहून निघताना त्या मुलीला मी वही दाखवली. तिने प्रत्येक पानाचा फोटो काढला, सुटलेल्या पट्ट्या आपापल्या पानावर बोटाने दाबून धरत. ‘गाणे’ या शब्दापाशी थांबली. “कुठलं गाणं होतं?”

मी सांगितलं, लिहून घेतलं नाही.

“त्या घरी सून असेल ना, नाहीतर नात? त्यांना येत असेल.” तिने लगेच नकाशा उघडला आणि गावाचं नाव विचारलं. मराठी विभागातल्या एका मुलीला ती विचारणार आहे, येतेस का म्हणून. शनिवारी सकाळच्या विरार गाडीने निघायचं ठरलंय. मी वहीला डिंक लावून ठेवलाय.