भूल कोणती, आणि भुलीनंतरचे दिवस

मणक्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की घरातील ज्येष्ठ मंडळी सर्जनला चार प्रश्न विचारतात आणि पाचवा मनातच ठेवतात. तो भुलीविषयी असतो. ‘पूर्ण भूल दिली की माणसाचे डोके पूर्वीसारखे राहत नाही,’ हे वाक्य आपणही कुठे ना कुठे ऐकले असेल. त्याची वासलात हसून लावू नये. या एका वाक्यापायी अनेकजण शस्त्रक्रिया लांबवतात, आणि तोवर पायातली ताकद कायमची जाऊ शकते.

आमच्या नागावात मी ते सासूबाईंच्या तोंडून ऐकले. वय अठ्ठ्याहत्तर. कण्यातली नलिका अरुंद होऊन मज्जातंतूंवर दाब आलेला. घरापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावे लागे आणि उजवे पाऊल उचलता येईनासे झाले होते. झावळ्या ओढण्यात आणि सुपारी सोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांची कंबर दुखणे आम्ही वाडीवाले गृहीतच धरतो. त्यांना चिंता होती ती निराळी. वाडीतले नारळ किती उतरले, सुपारी कोणाकडे गेली, कोणाचे किती येणे, हा सारा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. वही कधी नव्हतीच. त्या म्हणाल्या, “पाय गेला तर बसून हिशेब सांगेन. डोके गेले तर चालून काय करू?”

ही भीती अगदीच निराधार नाही. मागच्या पिढ्यांनी क्लोरोफॉर्मचा काळ पाहिला. ते कितपत सुरक्षित आहे हे ठरवण्यासाठी निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन चौकशी आयोग बसले होते, यावरून त्या काळची धास्ती कळावी. आजची औषधे निराळी आहेत आणि शस्त्रक्रिया चालू असताना नाडी, रक्तदाब आणि प्राणवायू यांवर सतत नजर असते. तरी बोलीतला ‘क्लोरोफॉर्म’ जुन्या माणसांच्या मनातून गेलेला नाही.

शस्त्रक्रिया मुंबईत व्हायची होती. भूलतज्ज्ञांची भेट त्याआधी वेगळ्या दिवशी मिळावी, असा आग्रह आम्ही धरला. दहा मिनिटे उभे न राहू शकणाऱ्या माणसाला मांडव्याहून बोटीने नेणे सोपे नव्हते, पण आदल्या संध्याकाळच्या घाईत जे बोलणे होत नाही ते या भेटीत झाले. आपणही ही भेट मागून घ्यावी.

कमरेत इंजेक्शन देऊन काम भागणार नाही का, हा आमचा पहिला प्रश्न. कमरेच्या खालच्या एक-दोन मणक्यांच्या लहान शस्त्रक्रिया काही ठिकाणी तशा होतात, आणि त्यानंतर मळमळ व सुरुवातीची वेदना कमी राहते. पण शस्त्रक्रिया लांबली तर पालथे निजलेल्या, जाग्या माणसाला स्वस्थ राहवत नाही, आणि तशा स्थितीत श्वासाची अडचण आली तर नळी घालणे कठीण जाते. म्हणून मोठ्या कामाला पूर्ण भूलच देतात. मग डोक्याचे काय? अमेरिका आणि कॅनडातील १,६०० रुग्णांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ते खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण होते, मणक्याचे नव्हेत. पण बहुतेक आपल्याच वयाचे. निम्म्यांना कमरेतली भूल, निम्म्यांना पूर्ण. नंतर भ्रम झालेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले, सुमारे पाचात एक.

पूर्ण भुलीचेही दोन मार्ग आहेत, हे मला त्या दिवशी कळले. एकात श्वासावाटे सेवोफ्लुरेनसारखा वायू देत राहतात. दुसऱ्यात प्रोपोफोल हे दुधासारखे पांढरे औषध पंपाने शिरेतून थेंबाथेंबाने जात राहते. (हे औषध शोधणारे जॉन ग्लेन हे मूळचे पशुवैद्य, सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली.) शिरेतल्या भुलीनंतर ओकारी कमी होते. पाठीवर ताजे टाके असताना ओकारीचा हिसका काय असतो, अन्नपाणी आणि पहिले चालणे त्याने किती लांबते, हे शुश्रूषा करणाऱ्यालाच कळते. शिवाय मज्जातंतूंचे संदेश यंत्रावर तपासत शस्त्रक्रिया करायची असेल, तर वायूने ते संदेश क्षीण होतात, म्हणून तिथे शिरेतली भूल पसंत करतात. स्मरणशक्तीच्या बाबतीत मात्र या दोहोंपैकी एक निर्विवाद सरस ठरलेली नाही. तेव्हा ‘हीच भूल द्या’ असा हट्ट धरू नये. ‘यांना कोणती देणार, आणि का?’ एवढे अवश्य विचारावे.

माझ्या मते भुलीच्या नावापेक्षा भूलतज्ज्ञाच्या हाती आपण काय माहिती देतो, याला अधिक वजन आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, रोजची झोपेची गोळी, वैद्याचा काढा हे सारे सांगावे. मद्य घेत असतील तर तेही लाज न बाळगता सांगावे. ते एकाएकी बंद झाल्यानेही भ्रम होतो. मिश्रीला बायका तंबाखू समजत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारावे लागते. अलीकडे विसरभोळेपणा वाढला असेल तर ते पहिल्यांदा सांगावे, कारण भ्रमाचा धोका अशांनाच जास्त. आणि साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे विचारून घ्यावे. पुष्कळांना ते दोन तास आधीपर्यंत चालते, पण म्हातारी माणसे आदल्या रात्रीपासूनच कोरडी राहतात.

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंचा चेहरा सुजला होता आणि घसा बसला होता. पालथे निजवल्याने आणि श्वासनलिकेतल्या नळीने तसे होते. दुसऱ्या रात्री त्यांना वात झाला. रहाट का थांबला, शिंपण अर्धेच राहिले, असे म्हणत त्या सलाईनची नळी ओढू लागल्या. मुलाला त्यांनी ओळखले नाही. यजमान भिंतीला टेकून उभे राहिले. तोंडातून शब्द फुटेना.

अशा वेळी सारे खापर भुलीवर फुटते. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा लघवी तुंबलेली आढळली. नळी त्याच दिवशी काढली होती. ती मोकळी केली, वेदनेचे तीव्र औषध कमी केले. परिचारिकेने श्रवणयंत्र आणि चष्मा लावायला सांगितले, खिडकीजवळची खाट दिली. दोन दिवसांत सासूबाई ताळ्यावर आल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी नारळांचा पाडा किती झाला ते विचारले. आकडा चुकीचा सांगितल्याबद्दल मुलगा बोलणीही खाऊन बसला.

सर्वांचेच इतक्या लवकर निभावते असे नाही. काहींना आठवडे लागतात. बडबडणारा भ्रम निदान दिसतो तरी. गप्प पडून राहणारा, जेवणाकडे पाठ फिरवणारा रुग्ण ‘शांत झोपला आहे’ असे समजून राहून जातो. असे दिसले तर लगेच डॉक्टरांना बोलवा. जंतुसंसर्ग, कमी झालेला प्राणवायू, उतरलेले सोडियम, बद्धकोष्ठ, न शमलेली वेदना यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. आणि शहाळे आणण्यापूर्वी मूत्रपिंडाचा विकार नाही ना, हे विचारा; आम्ही नागावकर ते न विचारताच नेतो.

घरी सोडताना कोणती भूल दिली, काय त्रास झाला, हे लिहून मागा. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी अलिबागेत डॉक्टरांनी तोच कागद आधी पाहिला.