छापील किंमत

कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी. आम्ही सुऱ्या जमवितो. यवतमाळात नवख्या माणसापुढे हे वाक्य उच्चारले की तो आपली खुर्ची किंचित मागे घेतो. म्हणून लागलीच सांगून टाकतो, की आमच्या पेटीत आजोबांचा कलमे बांधण्याचा चाकू आहे, चार अडकित्ते आहेत, झिजून चंद्रकोरीएवढी उरलेली एक विळी आहे आणि लाल मुठीचा एक स्विस घडीचा चाकू आहे. घरकामाची व शेतीची अवजारे सोडली तर नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्रनियम लागू होतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तसले काही आम्ही बाळगीत नाही. या छंदाचे मूळ पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) जमविलेले अडकित्ते तेथे पाहिले आणि सुपारी कातरण्याच्या क्षुल्लक कामासाठी माणसाने किती आकार घडविले, या विचाराने आम्ही जे वेडे झालो ते अद्याप शहाणे झालो नाही.

बाजाराच्या बाबतीत मात्र या वेडानेच आम्हांस थोडे शहाणपण दिले, तेही पैसे मोजून.

आमच्या जिल्ह्यात सणांचा सेल आणि कापसाचा हंगाम हातात हात घालून येतात. दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू होते, पुढे कापूस बाजारात येतो, कास्तकाराच्या हाती वर्षातून एकदा बरी रक्कम पडते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दत्त चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लाल-पिवळे फलक लागतात. फलकावरील टक्क्यांचा आकडा पुरुषभर उंच असतो आणि त्यापुढील ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीएवढा.

२०१८ च्या दिवाळीत भाड्याच्या एका सभागृहात असाच सेल भरला होता. ‘फक्त तीन दिवस’. स्वयंपाकघरातील सुऱ्यांचा बारा नगांचा संच, छापील किंमत ४,९९९ रुपये, सेलमध्ये १,२९९. विक्रेता म्हणाला, “सर, दोनच राहिले.” शेजारच्या गृहस्थाने एक उचलला, आम्ही झडप घालून दुसरा धरला. घरी येऊन मोजले. लाकडी ठोकळा एक, कात्री एक, साल काढावयाचे यंत्र एक, जेवणाच्या टेबलावरील बोथट सुऱ्या सहा. कामाच्या सुऱ्या तीन. बारा झाले, तक्रारीस जागा नाही. आठवड्याने त्याच रस्त्याने गेलो, तर फलक तोच होता आणि टेबलावर संचही दोनच होते.

नाताळाचा केक कापण्यापूर्वीच मोठ्या सुरीची धार गेली. पात्याच्या मुळाशी बारीक अक्षरांत ‘४२०’ असे कोरलेले होते. हा पोलादाचा खरा प्रकार आहे. तो स्वस्त, त्यावर गंज सहसा चढत नाही, पण कर्ब कमी असल्याने धार फार टिकत नाही. फसवणुकीचे जुने कलमही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८व्या कलमात गेली. पोलाद बिचारे जुन्याच आकड्यावर राहिले आहे. विक्रेत्याने आकडा कोरून दिला होता, हे मान्य केले पाहिजे. आम्हीच तो वाचला नाही.

आणि ती छापील किंमत? सर्व करांसह याहून अधिक घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. त्या किमतीला ती वस्तू कधी कोणी घेतली होती, असे ती सांगत नाही. छत हवे तेवढे उंच बांधावे आणि मग ग्राहकास म्हणावे, पाहा, आम्ही तुमच्यासाठी किती खाली उतरलो!

त्या नाताळानंतर आम्ही एक वही घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सा आटोपून घरी आल्यावर, आवडलेल्या चाकूंच्या किमती तीत टिपू लागलो. सप्टेंबरात १,४५० रुपयांस मिळणारा घडीचा चाकू दसऱ्याला २,९०० चा झाला आणि ‘अर्ध्या किमतीत’ पुन्हा १,४५० लाच मिळू लागला. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून दंडक आहे, की सूट जाहीर करणाऱ्याने आधीच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमतही दाखवावी. आमच्या घरी ते काम दोन रेघांच्या वहीवर भागते.

२०२३ च्या डिसेंबरात मोबाईलवर ‘दमास्कस’ सुरी दिसली. पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, सत्तर टक्के सूट, शेजारी उलटे धावणारे घड्याळ. दमास्कस म्हटले की आमचा जीव वरखाली होतो. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तेथे निजामाबादकडील कोनासमुद्रम गावाचे पोलाद एके काळी इराणपर्यंत जात असे. पण मोह आवरून आम्ही चित्र मोठे करून पात्याची पाठ पाहिली. थरांचे पोलाद घडविलेले असेल, तर लहरी पाठीवरूनही वळून जातात. येथे पाठ कोरी होती; नक्षी वरवर कोरलेली. घड्याळ शून्यावर येऊ दिले. सकाळी ते पुन्हा पहिल्यापासून धावत होते. नुकत्याच, ३० नोव्हेंबर २०२३ ला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहीर केलेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांत ही ‘खोटी घाई’ही आहे. राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला असतो. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्या दिवशी संमत झाला. आपल्या घरांत तेव्हा गव्हाणी सजविण्याची गडबड असते, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही.

एवढे शहाणपण पदरी बांधून २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही आर्णी रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या एका घिसाड्याकडे गेलो. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पट्टीपासून तो विळा घडवीत होता. त्याची बायको घण घालीत होती. दोघांत शब्द नाही, केवळ ताल. पात्याला पाणी देताना तो वाफेकडे न पाहता रंगाकडे पाहत होता. किंमत विचारली. साडेतीनशे. आम्ही सवयीने अडीचशे म्हणालो, तीनशेवर तुटले. वहीत मोठ्या समाधानाने लिहिले : सूट ५०.

सौभाग्यवतींनी ते पान वाचले आणि विचारले, “याच्यावर छापील किंमत कुठे होती?”

पुढच्या आठवड्यात मूठ घट्ट करून घेण्याच्या निमित्ताने आम्ही त्याला सरळच विचारले. तो हसला. “सर, तुमी कमी करसानच, म्हनून पन्नास वरचे सांगतो. न सांगतलं तं गिऱ्हाइकाले वाटते का फसलो.” मग कोळशाकडे पाहत म्हणाला, “सांजीले बाजार उठते तवा कोनी दोनशे म्हनते. देऊन टाकतो. लेकरायले जेवाले लागते.”

घरी येऊन वही मागे चाळली. २०२२ च्या एका पानावर, बाजारातून आणलेल्या दुसऱ्या एका विळ्याच्या नोंदीखाली, तांबड्या शाईने अधोरेखित केलेली सूचना सापडली : ‘बाजार उठताना जावे. हमखास २०० ला देतो.’ अक्षर आमचेच होते.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात सकाळीच पालावर गेलो. केक कापण्याजोगी एक लांबट सुरी त्याने घडवून ठेवली होती. “चारशे,” तो म्हणाला. आम्ही चारशे काढून दिले. त्याने नोटा दोनदा मोजल्या, मग एक उन्हाकडे धरून पाहिली, आणि आम्ही सेलच्या फलकाकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने तो आमच्याकडे पाहत राहिला.