अब्बांचा कॅमेरा विकायला निघालो तेव्हा

शिरोली एमआयडीसीत राहणाऱ्याला प्रवासवर्णन लिहायला कोणी सांगत नाही. इथे माणसे येतात ती कास्टिंगची ऑर्डर घेऊन, नाहीतर कामाच्या शोधात. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून आत वळले की फौंड्रीतल्या तापलेल्या वाळूचा वास येतो आणि लेथचा आवाज सुरू होतो. आमचे अब्बा इथल्याच एका फौंड्रीत मोल्डर होते. आठवडाभर वाळूत साचे तयार करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निकाहाचे फोटो काढायचे.

कॅमेरा होता पेंटॅक्स के-१०००. संपूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. एका रोलमध्ये ३६ फोटो, म्हणून अब्बा प्रत्येक फोटोआधी श्वास रोखून उभे राहत. एखाद्या घरातले बुजुर्ग म्हणाले, "आमच्याकडे फोटो नको," तर कॅमेरा निमूट पिशवीत ठेवून बिर्याणी वाढायला लागत. पण हजला निघालेल्या त्याच बुजुर्गांच्या पासपोर्टसाठी फोटोची गरज पडली, की निरोप अब्बांनाच येई.

अब्बांच्या मागे कॅमेरा आमच्याकडे आला आणि ट्रंकेत पडून राहिला. यंदा आमची लेक अकरावीत गेली. तिला फोटोग्राफी शिकायची आहे. दोन्ही पगार गृहकर्जाचा हप्ता आणि फी यांत वाटले जातात, तेव्हा नवा कॅमेरा आवाक्याबाहेरचा. शेवटी ठरले, की अब्बांनी जिथून हा कॅमेरा सेकंडहँड घेतला होता, त्याच शहरातल्या दुकानात तो द्यायचा आणि वरचे पैसे भरून तिच्यासाठी वापरलेला डिजिटल घ्यायचा.

रविवारी आम्ही तिघे केएमटीने निघालो. पंचगंगेचा पूल आला, की आम्ही आजही नकळत खाली बघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तेव्हा आम्ही शाहूपुरीत भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरी परतलो, तर ट्रंक चिखलात होती. त्यानंतरच आम्ही शिरोलीला आलो.

दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत दिसली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या या वसतिगृहाने खेड्यापाड्यांतल्या किती मुलांच्या हातात पाटी दिली! तिथून चालत जाताना लेक म्हणाली, "मैत्रिणी विचारतील, जुना कॅमेरा का घेतला म्हणून."

आम्ही तिला या शहराचीच गोष्ट सांगितली. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या दोघा भावांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, त्यावर चित्रपट दाखवले आणि त्याचे अंतरंग बघून कॅमेरा बनवायचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबुरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून काम चालू ठेवले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. १९२० चा 'सैरंध्री' याच कंपनीचा. कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवात अशी सेकंडहँड मालातून झाली. लेक हसली. आम्हालाही बरे वाटले.

दुकान अरुंद. काचेच्या कपाटात याशिका, झेनिट, जुने फ्लॅश. काकांनी अब्बांना ओळखले होते, आम्हालाही ओळखले. "मोल्डर मिस्त्रींचा कॅमेरा न्हवं? दाखवा की!" त्यांनी लेन्स उजेडाकडे धरून पाहिली, पडदा दोन-तीनदा दाबून आवाज ऐकला. "कपडा बरा दिसतोय. दोन्ही लेन्ससकट साडेतीन हजार धरू. आर्ट कॉलेजातली पोरं आता परत रोल मागायला लागलीत."

साडेतीन हजार! समोरचा कॅनन १३००डी चौदा हजारांचा. आमच्या पाकिटात साडेदहा हजार होते. हिशेब तंतोतंत जुळत होता.

पुराचे आम्ही काही बोललो नव्हतो. खोटे बोललो नव्हतो, कारण काकांनी विचारलेच नव्हते. बाहेरून कॅमेरा मात्र आदल्या रात्री घासूनपुसून लख्ख केला होता, तो कशासाठी, हे आम्हाला ठाऊक होते. लेक आमच्या तोंडाकडे बघत होती. वर्गात आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो ती गोष्ट तिलाही पाठ आहे. बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला होता. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. आमचा कॅमेराही आतून भिजलेलाच होता.

"काका, हा १९ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होता."

काका काही बोलले नाहीत. बारीक पेचकसाने त्यांनी तळाचे झाकण काढले. आतल्या चाकांवर गंज होता. टॉर्च मारून लेन्स पुन्हा पाहिली, तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "एक सेकंदाला ठेवला तर अडकतोय बघा. पोरानं नेला असता, दोन लग्नांत बंद पडला असता, आन् ते माझ्या दारात आलं असतं." मग म्हणाले, "दीड हजार. छोटी लेन्स चांगली आहे, तेवढ्याचंच."

दोन हजार कमी पडले. काकांनी कॅनन राखून ठेवला. पुढच्या पगाराला उरलेले पैसे देऊन घेऊन जायचा ठरला. पेंटॅक्सची बॉडी आणि बुरशीची लेन्स त्यांनी आमच्या हातात परत ठेवली. "हे घरीच असू दे. मिस्त्रींचं हाय."

तुमच्या घरीही कपाटात असा कॅमेरा असेल, तर आजच बाहेर काढा. सेल काढून ठेवा, चामड्याच्या बंद कव्हरमधून मोकळा करा, जवळ सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा पडदा दाबून बघा. बुरशीला ओल आणि अंधार दोन्ही आवडतात.

परतताना खरी कॉर्नरला गेलो. तिथे सिनेमाच्या आठवणीसाठी उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. लेकीने दादांचा बंद कॅमेरा गळ्यात अडकवला होता. स्तंभासमोर ती श्वास रोखून उभी राहिली आणि तिने बटण दाबले. आत रोल नव्हता. पडदा जरा अडकला, मग पडला.

पुढच्या महिन्यात कॅनन घरी आला. पहिला फोटो तिने फौंड्रीच्या गेटचा काढला, पाळी सुटतानाचा.