खासगी शाळेचा निर्णय आणि मागे राहणारी शाळा

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि त्या वर्गात पोहोचू पाहणाऱ्या कुटुंबांत मूल तीन-चार वर्षांचे झाले, की त्याला कोणत्या खासगी शाळेत घालावे याची चर्चा सुरू होते. मुळात खासगी शाळेतच का घालावे, हा त्याआधीचा प्रश्न मात्र विचारला जाण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी ती आतून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. आयुष्यातील इतका मोठा निर्णय एक पर्याय न पाहताच घेतला जावा, ही गोष्ट गंभीरपणे विचार करण्याजोगी आहे.

येथे ‘खासगी’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या अनेक शाळाही कायद्याच्या दृष्टीने खासगीच आहेत. परंतु त्या अनुदानित असल्यामुळे, म्हणजे शिक्षकांचे वेतन शासन देत असल्यामुळे, बोलताना कोणी त्यांना खासगी म्हणत नाही. पालकांच्या मनात असते ती विनाअनुदानित शाळा, आणि त्यातही 2012 च्या कायद्याने मान्यता मिळू लागलेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा, म्हणजे शासकीय अनुदानावर कोणताही हक्क न सांगता शुल्कावर आणि संस्थेच्या स्वतःच्या पैशावर चालणारी शाळा. ती बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमाची असते.

अशा शाळेत मूल अधिक शिकते, हा समज इतका पक्का आहे की तो तपासून पाहण्याची आवश्यकता कोणाला भासत नाही. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील खेड्यांत तो तपासला. खासगी शाळेसाठी अर्ज केलेल्या कुटुंबांपैकी काहींना सोडतीने शिष्यवृत्ती देण्यात आली आणि चार वर्षांनी दोन्ही गटांतील मुलांची तुलना करण्यात आली. सोडतीमुळे दोन्ही गटांची घरची परिस्थिती सारखीच होती. त्यामुळे जो फरक दिसेल तो शाळेचाच मानता येत होता. तेलुगू आणि गणित या विषयांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतील मुले पुढे होती, कारण तेथे तो विषय शिकवला जात होता. या निष्कर्षाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: खासगी शाळा दर मुलामागे सरकारी शाळेच्या सुमारे एक तृतीयांश खर्चात आणि त्या दोन विषयांना कमी वेळ देऊन तेवढेच साध्य करत होत्या. खेड्यांतील कमी शुल्काच्या शाळांचा हा अभ्यास शहरांतील महागड्या शाळांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण खासगी शाळेतील मुलांचे जे यश दिसते, त्यात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, हा प्रश्न त्याने कायमचा उभा केला आहे.

इंग्रजीची ओढ हे या निर्णयामागचे सर्वांत प्रबळ कारण असून तिची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्या घरांनी इंग्रजीत सुटकेचा मार्ग पाहिला, तर तो त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. तथापि इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून सर्व काही शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि अनेक शाळांत सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून शिकवण्याची, सोय आहे. ज्या घरात इंग्रजी कोणी बोलत नाही, तेथील मुलाचा पूर्ण इंग्रजी माध्यमात आरंभीचा पुष्कळसा काळ अर्थ न कळता पाठांतरात जातो. त्याहून गंभीर बाब अशी, की मुलाच्या वहीत काय लिहिले आहे हे आईवडिलांना वाचता येत नाही, आणि म्हणून शाळा नीट शिकवते की नाही हे ठरवण्याचे त्यांचे सामर्थ्यच नाहीसे होते. शुल्काची पावती हातात असूनही प्रश्न विचारण्याचे धैर्य अशा पालकाला होत नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये दाखवून दिले, की एखादी संस्था खालावू लागली तर माणसापुढे दोन मार्ग असतात: ती सोडून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे, आणि शाळांच्या बाबतीत गुणवत्तेविषयी सर्वांत जागरूक पालकच सर्वांत आधी बाहेर पडतात. मराठी शाळांची घसरती पटसंख्या या विवेचनाची दुर्दैवी साक्ष देते. शिक्षण हक्क कायदा 2009 ने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. अधिकाऱ्याला जाब विचारू शकणारे, अर्ज लिहू शकणारे पालक निघून गेल्यावर त्या समितीत उरतात ते रोजंदारी बुडवून बैठकीला येऊ न शकणारे. शिक्षकाला वारंवार निवडणुकीच्या कामाला जुंपले, तरी त्याविरुद्ध बोलणारा तेथे उरत नाही.

नेमके हेच टाळण्यासाठी कोठारी आयोगाने 1966 मध्ये परिसरशाळेची कल्पना मांडली होती: एका वस्तीतील सर्व मुलांनी, जात आणि ऐपत न पाहता, एकाच शाळेत शिकावे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरच्या मातीतले होते. त्या कल्पनेतून प्रत्यक्षात उरले ते एवढेच, की विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात. आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला त्यातूनही सूट देण्याचा महाराष्ट्र शासनाचा नियमबदल उच्च न्यायालयाला जुलै 2024 मध्ये रद्द करावा लागला.

म्हणून खासगी शाळेचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एका साध्या कामाच्या दिवशी जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जावे, तिसरीतल्या मुलाला न शिकवलेला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायला लावावा, आणि हीच पाहणी खासगी शाळेतही करू द्यावी असा आग्रह धरावा. तेथील किती शिक्षक गेल्या वर्षी सोडून गेले, हेही विचारावे. एवढे करून खासगी शाळाच योग्य वाटली तर ती निःसंकोच निवडावी, परंतु ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे गावच्या, वॉर्डाच्या शाळेविषयी बोलणे थांबवू नये, कारण त्यासाठी स्वतःचे मूल त्या शाळेत असण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही.