तुला कोणतं गाणं आवडतं?

छत्रपती संभाजीनगरमधल्या पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी शांतता शोधून सापडत नाही. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत असतात, मोबाइलच्या दुकानाबाहेर स्पीकर दणाणत असतो, गुरुवारी गजानन महाराज मंदिराकडे निघालेल्यांच्या ओठांवर आरतीची चाल असते. एप्रिल लागला की भीमगीतं, श्रावणात भजनी मंडळं, आणि लग्नसराईत बँडनं अडवलेली वाहतूक. या सगळ्यातून वाट काढत मुलं-मुली माझ्याकडे इंग्रजी बोलण्याच्या सरावाला येतात. पाणी पितात, वही उघडतात. मी विचारते, “तुला कोणतं संगीत आवडतं?” आणि एवढ्या गाण्यांमधून चालत आलेलं पोर गप्प होतं.

प्रश्न परीक्षेतला आहे. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा १९८९पासून या नावानं चालते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था मिळून ती घेतात. तिचा बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. समोर एक परीक्षक आणि संभाषण टिपणारं यंत्र, बस. सुरुवातीला घर, गाव, काम, छंद, संगीत असे ओळखीचे प्रश्न येतात. मग एक कार्ड हातात मिळतं, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंतचा वेळ. शेवटी त्याच विषयावर जरा खोलातली चर्चा. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर बोलण्यात किमान ७ बँड, म्हणजे गुणांची पातळी, लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली बऱ्याच असतात. बीड, परभणी, जालन्याहून शिकायला आलेल्या, इथंच खोली करून राहिलेल्या. एखादा वाळूजच्या कारखान्यात दोन वर्षं काढून परदेशात पुढचं शिक्षण घेऊ पाहणारा इंजिनिअर असतो.

गप्प बसून झालं की त्यांच्याकडून जे उत्तर येतं, ते मला आता तोंडपाठ झालंय. मला पॉप संगीत आवडतं. त्यानं मनावरचा ताण हलका होतो. मग एका परदेशी गायकाचं नाव. त्याचं कोणतं गाणं, शेवटचं कधी ऐकलंस, असं पुढं विचारलं की पुन्हा शांतता. परीक्षकही असंच पुढचं विचारतो. पाठ केलेलं बोलणं ओळखण्याचं त्याला प्रशिक्षणच असतं.

ही अडचण इंग्रजीची आहे, असं आई-वडील समजतात, मुलंही समजतात. म्हणून मी तोच प्रश्न मराठीत विचारते. मराठीतही उत्तर येत नाही! यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला वाटतं, या मुलांना हे आजवर कोणी विचारलेलंच नसतं. आपल्या घरांत मार्क किती पडले हे विचारतात, जेवलीस का, पगार किती, लग्नाचं काय, सगळं विचारतात. तुला कोणतं गाणं आवडतं, हे कोण विचारतं? गाणं प्रसंगाचं असायचं. दळणाची ओवी, हळदीचं गाणं, सप्ताहातला अभंग, जयंतीचं भीमगीत. विविध भारती १९५७मध्ये सुरू झाली आणि घराघरांत गाणी पोचली, पण रेडिओ घराचा होता. त्याचं बटण आजोबांच्या नाहीतर वडिलांच्या हातात. एकट्या माणसाची, एकट्याच्या कानातली आवड ही आपल्याकडे फार अलीकडची गोष्ट आहे. २०१६नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि वसतिगृहाच्या खाटेवर पडलेल्या मुलीला पहिल्यांदा स्वतःचं गाणं स्वतः निवडता आलं. ते तिनं कोणाला सांगितलेलं नाही. आणि पहिल्यांदा सांगायचं, तेही परक्या माणसाला, परक्या भाषेत, बँड मिळवण्यासाठी. जड जाणारच.

त्यात आणखी एक गाठ असते, लाजेची. जालना जिल्ह्यातला एक मुलगा रॉक संगीत आवडतं म्हणून सांगायचा आणि दुसऱ्याच वाक्याला अडायचा. एका संध्याकाळी मी वह्या मिटायला लावल्या आणि म्हटलं, लहानपणी घरात काय वाजायचं तेवढंच सांग, मराठीतच सांग. तो बोलायला लागला. त्याचे आजोबा हलगी वाजवत. वरात निघायच्या आधी वाळक्या कडब्याचा जाळ करायचे आणि त्यावर हलगी फिरवून फिरवून शेकायचे. गारव्यानं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. धग लागली की ते ताणतं आणि पहिल्याच टोल्याला खणखणतं. एका हातात जाड काडी, दुसऱ्या हातात बारीक. आजोबा आवाजावरून ओळखायचे की आता पुरे. आणि मग त्यानं मान खाली घालून विचारलं, “मॅडम, पण हे तिथं सांगायचं नसतं ना?”

का नसतं, हे मला त्यानं सांगावं लागलं नाही. गावगाड्यात हलगी कोणी वाजवायची हे जातीनं ठरवलेलं होतं. वरातीत सगळ्यांच्या पुढं चालणारा तो माणूस पंगतीला मात्र वेगळा, सगळ्यांच्या शेवटी. नातवानं शिकून इंजिनिअर व्हायचं ते त्या अपमानातून बाहेर पडण्यासाठी, आणि बाहेर पडताना आजोबांचं वाद्यही मागं टाकून जायचं, असं कोणीतरी न बोलता त्याला शिकवलं होतं. मला त्या शिकवणीचा राग आला, आजही येतो. मी म्हटलं, बाळा, हेच सांगायचं. हेच.

मग आम्ही ते इंग्रजीत मांडायला बसलो. तोवर शब्द सुचत नाहीत म्हणणाऱ्या त्या मुलाला एकामागून एक क्रियापदं लागायला लागली. शेकणं, ताणणं, सैल पडणं, ठोकणं, कान देऊन ऐकणं. जो काळ कितीही शिकवला तरी चुकायचा, तो आपोआप जागेवर आला, कारण आजोबा वाजवत असत ही गोष्ट भूतकाळातलीच होती. बोलण्याचे गुण चार गोष्टींवर मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही सारख्या वजनाच्या. आवड उच्च की नीच, याला त्यात रकानाच नाही. अनेक घरांत, शाळांत, कार्यालयांत तो रकाना न दिसणाऱ्या शाईनं छापलेला असतो. या परीक्षेत खरोखरच नाही. ही गोष्ट मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते.

काहींना वाटतं, शास्त्रीय संगीत म्हटलं की उत्तर वजनदार होईल. या शहरात ते म्हणायला जागा आहे. २०२१ साली गेलेले पं. नाथराव नेरळकर इथंच शिकवत होते, मराठवाड्यात त्यांनी गाणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. ज्याच्या कानावर ते पडलंय त्यानं जरूर सांगावं. ज्यानं एकही राग मन लावून ऐकलेला नाही, त्यानं उसनं घेऊ नये.

बीडकडच्या एका मुलीला तिच्या आजीच्या ओव्या येत होत्या. गावात विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण आजी तूर निवडतानाही गुणगुणत राहिली. ही मुलगी ते सांगायला तयार नव्हती, कारण तिच्या मते ते संगीतच नव्हतं. तिला मी हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामाबद्दल सांगितलं. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांमधून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. माजलगाव तिच्याच जिल्ह्यातलं. तिनं मोबाइलवर त्या ऐकल्या आणि बराच वेळ ऐकत राहिली. कार्डावर ‘तुमच्यासाठी खास असलेलं एक गाणं’ असा विषय आला, तेव्हा तिला दोन मिनिटं पुरली नाहीत. आजी काय गाते, कधी गाते, भावाचं नाव ओवीत कसं गुंफते, सासरी गेलेल्या लेकीचं दुःख भिंतीलाही ऐकू जाणार नाही असं कसं गाते. ऐकताना मीच घड्याळ बघायला विसरले.

भीमगीतांबद्दल बोलायला मात्र मुलं वेगळ्या कारणानं कचरतात. परीक्षकाला आधी आंबेडकर कोण ते सांगावं लागेल, त्यातच वेळ जाईल, असं एक मुलगी म्हणाली. जाऊ दे की वेळ! शाहीर वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव गात फिरले ते हेच सांगायला. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्या शहरातल्या मुलीनं परक्या माणसाला बाबासाहेब सांगावेत, यापेक्षा दोन मिनिटांचा चांगला उपयोग कोणता? लंडनमधलं त्यांचं राहतं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलंय. ही मुलगी लंडनलाच चालली आहे. पहिल्या सुट्टीत ते घर बघायचं, हेही तिनं उत्तरात घातलं, आणि ते वाक्य तिनं इतकं ठासून म्हटलं की उच्चारांची काळजी मला करावी लागली नाही.

शेवटच्या भागात प्रश्न मोठे होतात. जुनं संगीत टिकेल का, तरुणांची आणि म्हाताऱ्यांची आवड वेगळी का असते, शाळेत संगीत शिकवावं का. स्वतःच्या घरातलं गाणं आधी बोलून झालेलं असलं की इथं मुलं मतं मांडतात, माझ्याशी वादही घालतात. हलगीवाला मुलगा म्हणाला की वाद्य टिकावं, पण ते वाजवण्याची सक्ती एका जातीवर राहू नये. हे वाक्य त्यानं इंग्रजीतच, स्वतःच बांधलं होतं. मी त्यात काहीही दुरुस्त केलं नाही.

सध्या एक वारकऱ्याच्या घरातला मुलगा येतो. त्याला अखंड हरिनाम सप्ताह सांगायचा आहे. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यावरचा माणूस बदलला तरी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री तीन वाजताही कोणीतरी उभं असतं. दहावीच्या वर्षी पहाटेचा पहारा त्याच्याकडे होता. दोन मिनिटांत काल्याच्या कीर्तनापर्यंत पोचायचं की वीणेवरच थांबायचं, हे आमचं अजून ठरत नाहीये. त्याचं म्हणणं, काला सांगितला नाही तर सप्ताह पुरा होत नाही. मी म्हणते, पहाटे तीनला तुझ्या गळ्यात वीणा आली तेव्हा तुला काय वाटलं, तिथून सुरुवात कर. परीक्षा पुढच्या शनिवारी आहे.