एकशे चव्वेचाळीसचा हट्ट

“आई, आपला मॉनिटर साठचा आहे गं, फक्त साठचा!”

चिरंजीवांनी हे अशा सुरात सांगितले, की घरात कुणाची तरी साठीशांत करायची राहूनच गेली, असे मला वाटावे! मी पोळ्या लाटत होते. “मग कितीचा हवा?” मी सहज विचारले.

“निदान एकशे चव्वेचाळीसचा. माझ्या सगळ्या मित्रांकडे आहे.”

तर मैत्रिणींनो, ही गोष्ट आहे कॉम्प्युटरच्या पडद्याची. दहावीच्या परीक्षेआधी, अभ्यासाला जोर यावा म्हणून, “नव्वदच्या वर मार्क मिळव, मग काय हवं ते माग,” असे मी बोलून गेले होते. असे मोघम वर देऊ नयेत, हे खरे तर दशरथाच्या गोष्टीवरूनच कळायला हवे होते. चिरंजीवांना एक्क्याण्णव टक्के मिळाले, आणि त्यांनी वर मागितला तो हा. खेळ खेळण्यासाठी नवा, जास्त वेगाचा मॉनिटर!

“आहे त्या पडद्याला काय झालंय? चित्र दिसतंय ना? काही नको नवीन-बिवीन,” मी फटकन म्हणाले.

“आई, तुला फरक दिसत नाही, म्हणून तो नसतोच का?” एवढेच म्हणून तो आत निघून गेला. उद्धटपणे नाही बोलला. पण पुढचे चार दिवस विचारले तेवढ्यालाच उत्तर.

मला ते वाक्य लागले, कारण ते माझेच होते. मागे एकदा साडीच्या दुकानात ह्यांनी दोन इरकली शेजारी शेजारी बघून, “दोन्ही सारख्याच तर आहेत, मग हिचे आठशे जास्त कशाला द्यायचे?” असे विचारले होते. तेव्हा दुकानदारादेखत मी हेच म्हटले होते, अगदी ह्याच शब्दांत. पोराने ते लक्षात ठेवले होते तर!

शिवाय मी दुपारची शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘उतारा वाचल्याशिवाय उत्तरं लिहू नका रे,’ असे रोज पोरांना बजावणारी मी, इथे मात्र उतारा न वाचताच उत्तर देऊन मोकळी झाले होते. नाही म्हणायचे तर म्हणावे, पण समजून घेऊन म्हणावे, असे मी ठरवले.

समजायला मदत झाली ती माझ्याच कपाटातल्या एका वहीची. मागच्या बाकावरच्या एका मुलाकडून मी ती जप्त केली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने पळणारा माणूस काढला होता, दर पानावर पाय थोडा पुढे. पाने भरभर सोडली की माणूस पळतो, हळू सोडली की अडखळतो. पडदा म्हणजे हीच वही. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, एकशे चव्वेचाळीसचा एकशे चव्वेचाळीस वेळा. हर्ट्झ हे नाव हाइनरिश हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञावरून आले.

पण मग मला दुसरीच शंका आली. सिनेमात सेकंदाला चोवीसच चित्रे असतात. आपल्या जुन्या टीव्हीवर पंचवीस असत. तेवढ्यावर आपण इतकी वर्षे हसलो, रडलो. मग ह्या पठ्ठ्याला साठ का पुरू नयेत? पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला मी फोन लावला. तो म्हणाला, “मामी, कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात हलणारी वस्तू जराशी फरकटलेली येते, त्यामुळे डोळ्याला सांधे जाणवत नाहीत. खेळात तसं नसतं, प्रत्येक चित्र रेखीव असतं. आणि सिनेमा तू नुसता बघतेस. खेळात हात हलवतेस आणि पडद्यानं लगेच उत्तर द्यावं म्हणून वाट बघतेस.”

हे मला पटले. कढईत मोहरी टाकली आणि तडतड ऐकू यायला उशीर झाला, तर आपलाही हात थबकतोच की!

मग कागद घेऊन हिशेब मांडला. सेकंदाचे हजार भाग केले, तर साठच्या पडद्यावर एक चित्र जवळजवळ १७ भाग टिकते. १४४ वर ७ भाग. आणि २४० वर ४. म्हणजे साठवरून १४४ ला गेले की दहा भाग वाचतात, पण तिथून २४० ला गेले की जेमतेम तीन. आकडा फुगतो तसा फायदा फुगत नाही. चहात पहिला चमचा साखर घातल्यावर जो फरक पडतो, तो चौथ्या चमच्याने थोडाच पडतो!

“सगळा कंपन्यांचा धंदा आहे,” हे वर्तमानपत्राआडून म्हणाले. “माणसाच्या डोळ्याला काही कळत नाही.” शेजारच्या वहिनींनी तर जास्त हर्ट्झने डोळे बिघडतात, असेच सांगितले. तसे काही नसते. डोळे दमतात ते पापणी न लवता तासन्‌तास एकटक बघण्याने. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघावे, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. ती काळजी कुठल्याही पडद्यासमोर घ्यायलाच हवी, साठच्याही.

रविवारी मी चिरंजीवांना घेऊन बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथे २४० चा मॉनिटर मांडलेला होता, आणि त्यावर ६०, १४४ किंवा २४० असा हवा तो आकडा लावता येत होता. दुकानातल्या मुलाने आधी साठ लावले आणि मला म्हणाला, “काकू, हा बाण गोल गोल फिरवून बघा.” मी फिरवला. बाणाच्या वाटेवर सुटे सुटे बाण दिसले, विरळ घातलेल्या धावदोऱ्यासारखे. मग त्याने १४४ लावले. आता बाण इतके जवळ जवळ आले, की दोरा सलग वाटावा. म्हणजे फरक होता तर! मला, चाळिशीला टेकलेल्या बाईला, तो चष्म्यातून दिसला होता.

पण मला दिसणे आणि नऊ-दहा हजार मोजणे ह्यांत अंतर आहे. मी मुलाला पाठ करून उभे राहायला सांगितले. दुकानातल्या मुलाने त्याला न सांगता आकडा लावायचा, ह्याने वळून ओळखायचे. साठ की एकशे चव्वेचाळीस? पाचपैकी पाच वेळा बरोबर. मग १४४ की २४०? पाचपैकी तीन. नाणे उडवूनही तेवढे जमले असते! चिरंजीव जरा वरमले. १४४ चा होता साडेनऊ हजारांना आणि २४० चा सतरा हजारांना. साडेसात हजार वाचले ते त्या पाच मिनिटांत.

एवढ्यात दुकानदारांनी विचारले, “ताई, घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे?” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी समजावून सांगितले. चित्रे काढतो कॉम्प्युटर. पडदा ती फक्त दाखवतो. कॉम्प्युटरने सेकंदाला पन्नासच चित्रे काढली, तर १४४ चा पडदा ती पन्नासच दाखवणार. घागर मोठी आणली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही! अशा वेळी मॉनिटरमागोमाग ग्राफिक्स कार्डाचाही खर्च दारात उभा राहतो. “घरी जाऊन मोजा, मग या,” ते म्हणाले. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार विरळाच. मला त्यांचे कौतुक वाटले.

रात्री मोजायला बसलो. खेळात एक आकडा कोपऱ्यात दिसत राहतो, तो मी वहीत उतरवत होते. मोटारींच्या शर्यतीच्या खेळात तो चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाईना. पण मित्रांबरोबर पाच-पाचच्या संघाने खेळायचा जो त्याचा आवडता खेळ, त्यात एकशे वीस ते दीडशे. म्हणजे ह्या नळाला पाणी होते.

पण त्या रात्री माझ्या वहीत आकड्यांपेक्षा दुसरेच काही उतरले. आकडे टिपताना पोरांचे बोलणे माझ्या कानावर पडत होते. त्यातला एक, आमच्या गल्लीतलाच, वडिलांच्या बदलीमुळे नाशिकला गेलेला. खेळता खेळता तो विचारत होता, “अरे, तुझ्या आजीचा गुडघा कसा आहे?” मी इतके दिवस दाराबाहेरून फक्त गोळ्यांचे आवाज ऐकले होते. आत कट्टा भरलेला होता, हे मला ठाऊकच नव्हते.

माझी दुसरी भीती पैशांची होती. पेपरात काय काय वाचलेले! मी सरळच विचारले, “ह्यात पैसे लावतात का रे?” तो हसला, “नाही गं आई, तो प्रकार वेगळा.” पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदीच घातली, हेही त्यानेच सांगितले. तरी मी खात्री करून घेतली, हे कबूल करते.

आता प्रश्न उरला माझा. शाळेच्या मानधनातून बाजूला टाकलेले बारा हजार माझ्याकडे होते, पण ते ओव्हनसाठी. दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घ्यायच्या, असे कधीपासून मनात होते. ओव्हन चार पैसे मिळवून देईल. मॉनिटर एक पैसाही देणार नाही. दोन रात्री मी कूस बदलत राहिले. हे म्हणाले, “अगं, वचन-बिचन काय घेऊन बसलीस! पोरं विसरतात.” पण पोरे विसरत नाहीत. इरकलीच्या दुकानातले वाक्य विसरला होता का तो?

शेवटी चिरंजीवांना समोर बसवले आणि सगळे पैसे त्याच्यापुढे मांडले, ओव्हनचेही. त्याला ओव्हनचे माहीतच नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग राहू दे आई.” ते ऐकले आणि माझा निर्णय झाला. आजी-आजोबांनी पाकिटातून दिलेले त्याचे चार हजार, माझे साडेपाच. ओव्हन दिवाळीऐवजी पाडव्याला. अकरावीच्या कॉलेजच्या दिवसांत रात्री दहानंतर पडदा बंद, ही अट. धाकटीने “दादाला मॉनिटर, मग मला काय?” हा प्रश्न टाकला, तिला मी मोघम काहीही कबूल केले नाही. तेवढी शहाणी मी झाले होते.

मॉनिटर घरी आला. उत्साहाने जोडला. आणि काय सांगू, काडीचाही फरक दिसेना! “मी सांगत नव्हतो?” हे चहाचा घोट घेत म्हणाले. पोराचा चेहरा एवढासा झाला. माझ्याही पोटात गोळा आला. साडेपाच हजार डोळ्यांपुढे नाचू लागले.

तेवढ्यात मला आठवले. “अरे, दुकानातल्या मुलानं तो आकडा कुठून बदलला होता?” सेटिंगमध्ये जाऊन, डिस्प्ले उघडून, त्यातल्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’त बघितले, तर तिथे साठच! आणि यादीत १४४ दिसतच नव्हते. मग लक्षात आले, की जुन्या मॉनिटरचीच एचडीएमआय केबल लावलेली आहे. खोक्यातली नवी डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीतच राहिली होती. ती लावली, यादीत १४४ अवतरले, निवडले, आणि बाण लोण्यावरून घसरल्यासारखा फिरला. ह्यांनीही उठून दोन-चार वेळा फिरवून बघितला. “हं,” एवढेच म्हणाले. पण कप हातातच राहिला होता.

तुमच्याकडे असा हट्ट झाला, तर माझे सांगणे एवढेच. कॉम्प्युटरवर हिशेब, अभ्यास, सिनेमे एवढेच होत असेल, तर साठचा पडदा उत्तम आहे. सिनेमा चोवीस चित्रांचाच राहणार. चपळाईचे खेळ असतील, तर आधी घरी आकडा मोजा. शंभराच्या आसपास आला तरच १४४ चा विचार करा, आणि आपला वेग चित्रांच्या वेगाशी जुळवून घेणारा, म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय असलेला घ्या. नाही तर चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसते. २४० च्या मागे लागण्याआधी मुलाला पाठ करून उभे करा! आणि एक सावधगिरी. डोळ्याला एकदा सवय लागली की साठ नकोसे वाटते. घ्यायचाच नसेल, तर दुकानात जाऊन न बघितलेलेच बरे.

मार्क पहिल्या चाचणीत होते तेवढेच पडले. ना वाढले, ना घटले. दिवाळीत मात्र नानकटाईची वेळ आली, तेव्हा ओव्हन आठवून जीव थोडा हळहळला, खोटे कशाला बोलू?

परवा ह्यांनी ऑफिसातून आल्या आल्या तक्रार केली, “आमच्या कॉम्प्युटरवरचा बाण कसा अडखळतो गं! आधी असा नव्हता.”

“आधीही असाच होता,” मी म्हटले. “तुम्हाला दिसत नव्हता, एवढंच.”