दोन पारडी

आमच्या लेकीला डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम लिहून दिले, आणि औषधासोबतचा कागद आम्ही उभयतांनी पुन्हा पुन्हा वाचला. मळमळीचे भय नव्हते. ती बहुधा ओसरते. अडखळलो ते आत्मघाती विचारांच्या इशाऱ्यापाशी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी दिलेला हा इशारा २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. लेक आमची २२ वर्षांची! परंतु नैराश्य स्वतःही आत्महत्येचा धोका वाढविते, हेही त्याच इशाऱ्यात नमूद आहे. (शेजारीपाजारी मात्र ‘सवय लागेल’ एवढेच सांगतात.) त्रास आधी होतो, गुण येण्यास काही आठवडे लागतात. तेव्हा ते दिवस तिला एकटे सोडायचे नाही असे ठरवून, तिच्या संमतीने गोळी सुरू केली. आज अकरावा दिवस. मळमळ थांबली, झोप अजून लागत नाही.